माइकच्या दोन काड्या

प्रिय नागक्का,

मुधोळचा मुक्काम उद्या उठतोय. मांडवाचे पत्रे उतरवायला गडी आलेत, त्या खडखडाटात लिहितेय, म्हणून अक्षर असं. तुझ्या कडक रोट्ट्या आणि शेंगाचटणी पोचली. चटणी कस्तुरीनं एकटीनं संपवली. कुणाकडून आली ते विचारलं नाही, पण चवीवरून कळलंच असणार. तू तुझ्या लेकीशी बोलत नाहीस, ती तुझ्याशी नाही, आणि मधल्या मध्ये डबे घासते मी, तुझी धाकटी बहीण.

ती तुझं न ऐकता नाटक कंपनीत आली, त्यात तुझा राग खोटा आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण पोरगी गाते, अक्का. वरचा सूर लावताना आपल्या अप्पांसारखाच, मल्लेशी भावजींसारखाच, डावा खांदा उचलते. तसं कुणी शिकवलेलं नाही तिला. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा आमचे हे आवाजाचं मशीन सोडून मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले.

यांचे डोळे आता फार अधू झालेत. आवाजाचं काम नावाला यांचं, हात माझे. इथं आल्यापासून बिनतारी माइक दगा द्यायला लागले. कस्तुरी मधोमध उभी असली की ठीक. जरा रंगमंचावरच्या तुळशीवृंदावनाकडे सरकली की आवाज गप्प, नुसतं तोंड हलतंय. मग खरखर. मेलेल्या आईला कवटाळून रडायच्या प्रसंगात आवाज गेला आणि लोक खदाखदा हसले. पडदा पडल्यावर आमचे मालक विरूपाक्षय्या आत आले. "फकीरप्पा, ही थेरं पुरे झाली. पेटीतले जुने वायरीचे माइक काढ," यांना म्हणाले. हे त्या दिवशी जेवलेही नाहीत.

का, ते तुला सांगायला नको. तरी लिहिते, कारण इतक्या वर्षांत आपण दोघींनी ते एकदाही तोंडावर आणलेलं नाही. भावजी गेले त्या संध्याकाळी पत्र्यातून पाणी गळत होतं, पायाखालची चटई भिजली होती. लोकांनी गाणं पुन्हा मागितलं. भावजी हसले, पुढं झाले आणि त्यांनी वायरीच्या माइकची लोखंडी दांडी धरली. सूर निघाला तो मध्येच तुटला. दांडीत करंट उतरला होता, अंग थरथरत होतं, पण हात सुटेना. लोकांना वाटलं हा अभिनय. टाळ्या पडल्या, अक्का. मी आरतीचं ताट घेऊन चार हातांवर उभी होते. हे मेन स्विचकडे धावले, पण वाटेत खोकी होती, माणसं होती. बिनतारी माइक कंपनीत आले ते त्यानंतर.

म्हणून यांनी मालकांकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाले, मशीन उघड आणि मागं हात लावून सांग काय दिसतं. माइकचा आवाज पकडणाऱ्या प्रत्येक मशीनला दोन काड्या, म्हणजे अँटेना, असतात. आमच्या निम्म्या काड्या फिरतीत मोडलेल्या, आणि मशीनं मागच्या पडद्यापलीकडे लोखंडी ट्रंकेत कोंबलेली. यांनी समजावलं ते असं: माइकमधून निघालेली लाट सरळ येते आणि पत्र्यावर आपटूनही येते. कुठं कुठं त्या दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, तिथं माइक मुका. पण एका काडीपाशी लाट मेली तरी जरा लांबच्या दुसरीपाशी ती जिवंत असते. दोन्ही काड्या धड असल्या तर मशीन क्षणाक्षणाला पारखून जिला नीट ऐकू येतं तिचंच घेतं.

बेळगावहून काड्या मागवल्या. मशीनं ट्रंकेतून काढून रंगमंचाच्या कडेला लाकडी बाकावर मांडली, काड्या दोन बांबूंवर माणसांच्या डोक्यांच्या वर, एकमेकींपासून लांब, तिरक्या बांधल्या. कस्तुरी माइक लावून कोपरान् कोपरा फिरली आणि मी मशीनवरचे दोन दिवे, एकेका काडीचा एक, बघून यांना सांगत राहिले, आता हिचा लागला, आता तिचा. सतत काहीतरी बोलत राहा म्हटलं, तर ती तुझीच नक्कल करत होती. "कस्तुरे, परातीत पाणी एकदम ओतू नको. हात आहे का फावडं?" गडी पोट धरून हसले. वृंदावनापाशी दोन्ही दिवे विझले. बांबू पुढं सरकवला, पुन्हा विझले, आणखी सरकवला. शेवटी ती कुठंही गेली तरी एक दिवा तेवत राहिला. त्या रात्रीच्या खेळात रडण्याचा प्रसंग एकदाही तुटला नाही. पुढच्या रांगेतले बाप्ये डोळे पुसत होते. यांनी माझा हात दाबला, बस्स.

आणि परवा मालकांनी कंपनीचे दोन भाग केले. बनशंकरीच्या जत्रेला मोठा संच जाणार, मशीनं सगळी तिकडं. आम्ही कॅनॉलकाठच्या होसकट्टीला, वायरीचे माइक घेऊन. हे नाही म्हणाले, तर मालक म्हणाले, मग घरी बस. हे बसणार नाहीत. मेन स्विचपाशी कुणीतरी हवं म्हणतात. या डोळ्यांनी.

कस्तुरीला म्हटलं, तू मोठ्या संचात जा. तिकडं तिला दासीचं काम, इकडं नायिकेचं. ती का जाईल? म्हणाली, "चिगव्वा, अप्पा जन्मभर वायरीचाच माइक धरून गायले. त्यांना कधी काय झालं? मग मलाच काय होतंय?" माझ्या तोंडाशी आलं होतं, अक्का. गिळलं. ती सहा वर्षांची होती, घरातलं बटण दाबायलाही घाबरेल म्हणून तू तिला सांगितलंस की अप्पांचं हृदय बंद पडलं. तुझा शब्द मी आजवर मोडला नाही. आता मी मोडला तर तिला वाटेल, अव्वानं हिला पढवलंय, मला घरी न्यायला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे गदगच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय. अमावस्या झाली की होसकट्टीचा पहिला खेळ. त्याआधी ये. तिच्यावर रागावूनच ये, हरकत नाही. पण तिचे अप्पा कशानं गेले ते तुझ्या तोंडून तिला कळू दे.

तुझीच,
दानी