बिनलसणाचं सूप

म्हसवड, ३ जून २०२५

चि. श्रद्धास अंबूबाईचा आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोन करू नको म्हणून सांगितलेलं ध्यानात ठेवलंस, बरं झालं. कानातल्या मशिनीला फोन लावला की नुसती शिट्टी वाजती, आन् तिकडचं माणूस काय बोलतंय ते शेजारच्या बनुबाईला कळतं, मला न्हाई. पत्र बरं. परत वाचता येतं आन् मधीच कोण तोडत न्हाई.

तर तुझ्या वडलांनी तुला बघून तोंड फिरवलं. त्यात नवल काय. माझ्या नातवाशी, शिवतेजशी लगीन केलंस तवापासून तात्यासाहेब तुझ्याशी बोललेच न्हाईत. आता अर्धांगानं जीभ जड झाली, म्हंजे बोलायचं म्हणलं तरी जमंना. तुझ्यापुरता फरक काय पडला न्हाई. पर तूच लिवलंयस, की सांभाळायला येणाऱ्या बाईनं भरवलं तरी दोन चमचे घेऊन वाटी ढकलत्यात. म्हंजे राग तुझ्यावर असंल, रुसवा सुपावर हाय. रागाचं मला कळत न्हाई, सुपाचं बघता येईल.

डॉक्टर म्हणतो पातळ दिऊ नका, ठसका लागल, आन् मीठ कमी घाला. मग तू काय केलंस, तर टोमॅटो उकडून पाण्यात कालवलं आन् वर मक्याच्या पिठाची खळ. कागद डकवायला चांगली हाय ती. आता मी सांगते तसं कर. पिकून मऊ पडलेलं टोमॅटो घे, फ्रिजमधलं नको, त्यांची चव थंडीनं मेलेली असती. तव्यावर तुपाचं बोट फिरव, चिरलेली बाजू खाली घाल आन् काळं डाग पडंस्तवर हलवू नको. कच्चा वास जातो, गोडी वर येती. मुगाची डाळ गरगटून त्यातच घोट, म्हंजे घट्ट हुईल. साल-बिया चाळणीतनं काढ. घशात एक बी अडकली तर खापर तुझ्यावर फुटंल. मीठ अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. असं घातलेलं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून थोडक्यात भागतं.

तुमच्या जैनात कांदा-लसूण चालत न्हाई ते मला सांगायला नको, तुझ्यापायी माझ्या घरात पातेलं वेगळं, उलथनं वेगळं. म्हणून धणं, जिरं, मिरं, सुंठ आन् हिंग, एवढ्याचाच मसाला करून सांगलीच्या एष्टीत सयाजी कंडक्टरजवळ डबी देते. स्टँडवर जाऊन घे. चिमूटच टाक, तुझा हात सैल हाय.

इकडं बरं हाय. तुझे सासू-सासरे कोइमतूरला, सोनं गाळायचा धंदा सोडून ते दिवाळीशिवाय कशाला येत्यात. शिवतेजचा फोन बनुबाईकडं आला हुता. तिकडं सरहद्दीवर बर्फ वितळलाय म्हणाला. तू गेल्यापासून रोज भाकरी उरती. म्हस खूश हाय.

लोभ हाय तेवढा ठेव, उगा वाढवू नको.

अंबूबाई


विश्रामबाग, सांगली
११ जून

ती. आज्जींस श्रद्धाचा शि. सा. न.

वि. वि. डबी मिळाली. सयाजीकाकांनी ती सीटखाली नाही, मांडीवर ठेवून आणली होती. तुम्ही त्यांना काय धमकी दिलीत ते त्यांनी सांगितलं नाही.

आज्जी, सूप तुम्ही सांगितलं तसंच केलं. टोमॅटो तव्यावर भाजताना बाबांनी आतल्या खोलीतून मान वळवली. खरंच वळवली. मी वाटी घेऊन गेले तर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. चमचा ओठापाशी नेला आणि ते थांबले. वास घेतला. मग चांगल्या हातानं वाटी अशी उडवली की सूप माझ्या साडीवर, भिंतीवर, सगळीकडे.

शेजारच्या त्रिशलाकाकू बसल्या होत्या. आई गेल्यापासून येता-जाता बाबांवर त्यांचंच लक्ष असतं. त्यांनी वाटी हुंगली आणि म्हणाल्या की यात लसूण आहे. मी शपथेवर सांगितलं की नाही. त्यांनी ती डबी माझ्या नाकापुढे धरली. आज्जी, होता. अगदी पुसट, पण होता. बाबांनी आयुष्यभर हळदीची अडत केली, वासावरून ते पोत्यातला माल ओळखायचे. जीभ गेली तरी नाक तेच आहे. काकूंनी मला तोंडावर विचारलं, की स्वतः बाटलीस ती बाटलीस, आता अंथरुणावरच्या माणसाचा धर्म कशाला बुडवतेस.

बाबांनी बोटानं दार दाखवलं. त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आता मी स्वयंपाकघरात असले की ते तोंडच उघडत नाहीत. जिनेंद्रदादा पुण्याहून म्हणतो की तू घरी जा, मी त्यांना इकडे एखाद्या संस्थेत ठेवतो. तिथे कोण अनोळखी माणसं त्यांना भरवतील, ते खातील का, कोण जाणे. माझी बॅग भरलेली आहे. डबीत लसूण कसा आला तेवढं कळवा. मी तुमच्यावर संशय घेत नाही.

आपली,
श्रद्धा


म्हसवड, १६ जून

चि. श्रद्धास आशीर्वाद.

वि. वि. संशय घ्यायला पायजे हुतास. लसूण माझ्याकडनंच आला.

मसाला मी घरी भाजला, आन् कुटायला गावातल्या डंकाच्या मशिनीवर नेला. माझ्या पुढं बनुबाईचा नंबर हुता, वर्साचं कांदा-लसूण तिखट कुटत बसली हुती. तिचं निघालं, तेच्यावर माझं पडलं. आमच्यात आयुष्यभर तसंच चालत आलंय, डंक कवा कोण धुतं. डोसक्यातच आलं न्हाई. मी डंकवाल्या अर्जुनाला जाऊन झापला, तर तो म्हणतो, आज्जी, तुमी सांगितलं का. सांगितलं नव्हतं.

आता रडत बसू नको. बॅग उपस. म्हसवडच्या बाजारातनं नवा दगडी खलबत्ता आणलाय, त्यात आमच्यातला एक दाणा पडलेला न्हाई. मसाला हातानं कुटून ह्या पत्रासंगं पाठवते. खाली तुझ्या वडलांना लिवलंय, ते मोठ्यानं वाचून दाखव. तेंनी तोंड फिरवलं तरी कान फिरवता येत न्हाईत.

अंबूबाई

तात्यासाहेब पाव्हणं यांस अंबूबाईचा नमस्कार. तुमच्यात जय जिनेंद्र म्हणत्यात, तेबी घ्या.

आपली भेट न्हाई. लग्नाला तुमी आला न्हाईत. जेवण चांगलं हुतं.

सुपात लसूण हुता. तुमचं नाक बरोबर. पर तो तुमच्या मुलीनं घातला न्हाई. मी बिनलसणाचा मसाला केला आन् लसणाच्या डंकात आंघोळीला धाडला. अक्कल माझी गेली, साडी तिची खराब झाली. वाटी उडवायचीच हुती तर म्हसवडपतुर उडवायची.

तिनं धर्म सोडला असं तिकडं कोण म्हणतं म्हणं. माझ्याकडं ऱ्हायली तवा तिनं कांद्याला हात लावला न्हाई. बटाट्याची भाजी केली, मटण केलं, टोमणं मारलं, उपाशी मरशील म्हणले. ती दही-भाकरी खाऊन गप. रोज दिस मावळायच्या आत जेवून उठायची आन् मला एकटीला अंधारात जेवायला लावायची. ह्याचा मला लय राग यायचा. तुमच्या घरचं तिनं काय टाकलं ते तुमीच शोधा, मला तर कुठं घावलं न्हाई.

हा मसाला नव्या दगडावर कुटलाय, माझा खांदा धरलाय. सूप घोटभर घेऊन बघा. न्हाई आवडलं तर सुपाला नावं ठेवा, पोरीला ठेवू नका. बोलायला जड जातं म्हणत्यात, पर नावं ठेवायला एक शब्द पुरतो.

कळावं. राग असावा, पर पोटभर जेवून असावा.

अंबूबाई


विश्रामबाग, सांगली
४ जुलै

ती. आज्जींस शि. सा. न.

वि. वि. उत्तराला उशीर झाला. आधी लिहिलं असतं तर नुसतं रडगाणं झालं असतं.

तुमचं पत्र वाचायला घेतलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून होते. जेवण चांगलं हुतं, या वाक्याला त्रिशलाकाकूंना ठसका लागला. लसणाच्या डंकात आंघोळ, हे वाचलं तेव्हा बाबांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं काहीतरी होतंय. काकू म्हणाल्या की अगं, हसतायत ते. मग चांगल्या हातानं त्यांनी खूण केली, की ते पुन्हा वाच. माझं दही-भाकरीचं वाचताना मात्र डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोपले.

पण संध्याकाळी सूर्य मावळायच्या बराच आधी त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. मी डबी उघडून आधी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी अडतीवर धरायचे तशी चिमूट बोटात धरून चोळली, हुंगली, मान हलवली. मग सूप घेतलं. सगळं घेतलं आज्जी, वाटी खरवडून. आणि माझ्याकडे बघून जोर लावून, तोंड वाकडं करत म्हणाले, आंबट.

इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द. काकूंना हसू आवरेना. मी गूळ आणायला आत पळाले आणि गुळाचा डबा डोळ्यांसमोर असून सापडेना.

त्यानंतर रोज काहीतरी असतं. आंबट, फिकं, गार. परवा मी बॅगेतून साडी काढत होते, त्यांना वाटलं निघाले. मनगट धरलं आणि एकच शब्द म्हणाले, दिवाळी. पुढच्या आठवड्यात चातुर्मास लागतो, तो दिवाळीला संपतो. तोवर राहा, असं म्हणतायत. जिनेंद्रदादाला फोनवर ऐकवलं, तो आता संस्थेचं नाव काढत नाही.

पण तुम्ही तिकडे एकट्या आहात. शिवतेजना विचारलं, ते म्हणाले आज्जीला विचार. तुम्ही सांगाल तसं करीन.

आपली,
श्रद्धा

ता. क. चातुर्मासात बाबांना पालेभाजी चालत नाही, म्हणजे कोथिंबीर आणि कढीपत्ताही बंद. सूप कसं करू?


म्हसवड, ११ जुलै

चि. श्रद्धास आशीर्वाद.

वि. वि. पत्र पोचलं. मी एकटी हाय म्हणून लिवलंस, ती बातमी मला हुती.

ह्यात विचारायचं काय. ऱ्हा तिथंच. बाप हात धरून थांब म्हणतो आन् पोरगी म्हसवडच्या म्हातारीची परवानगी मागती. शिवतेजनं माझ्यावर ढकललं, फौजेत हेच शिकवत असत्याल.

कोथिंबीर न्हाई तर अडत न्हाई. धणं जरा जास्त भाज, कोमट पाण्यात भिजत घाल आन् ते पाणी गाळून वत. कोथिंबिरीची सर न्हाई, पर आठवण येती. ह्या दिसांत टोमॅटो पाणचट आन् आंबटढाण येतो, नुसत्या गुळानं ते दबत न्हाई, सरबत हुतं. तांबड्या भोपळ्याची एक फोड टोमॅटोसंगं भाजून घाल. गोडीबी येती आन् दाटपणाबी. तुपात जिरं तडतडलं की वरनं वत आन् लगीच झाकण ठेव, वास वाटीतच ऱ्हायला पायजे, आमच्या पाव्हण्यांचं नाकच अर्धं जेवतं.

हे सगळं मी करून बघितलंय, न बघता लिवत न्हाई. भोपळा घातला, धण्याचं पाणी घातलं. दिस हुता तवाच प्यायला घेतलं. एकटीनं अंधारात जेवायचा आता कटाळा येतो. मला बरं वाटलं, पर माझ्या बरं वाटण्याला काय अर्थ. एकट्या माणसाच्या वाटीत मीठ जास्त झालंय का कमी, हे सांगणार कोण. म्हणून तांब्यात घालून बनुबाईला दिऊन आले. ती म्हणाली, झ्याक झालंय. तिला परवा जळका पिठलं-भात दिला हुता, तोबी झ्याकच हुता. असल्या माणसाला खायला घालून काय कळतंय.

म्हणून तुला म्हणते, तुझ्याकडं आंबट म्हणणारं माणूस हाय. तेंच्यापुढं वाटी धर आन् काय म्हणत्यात ते ऐक. भोपळ्याला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द कळव. गोड म्हणले तर फोड बारकी कर. काहीच न बोलता प्याले तर तेबी लिव.

म्हशीची काळजी करू नको. दिवाळीचं दिवाळीला बघू.

लगीच उत्तर घालू नको, पोस्टमनला इतक्या लांब मळ्यात यायचा तरास हुतो, असं लिवणार हुते. पर घाल.

अंबूबाई