वर्मी घाव कुणाचा

असोदा,
रविवार दुपार

प्रिय सदफ,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू दचकशील. धुळ्याला तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा नवा पत्ता माझ्याकडे नाही आणि तो तुला विचारायचा धीर झाला नाही. फोनवर तीनदा लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. शेवटी वहीची पानं फाडली. पाच दिवसांच्या सुट्टीवर घरी आलेय. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलीय. मी कुणाला लिहितेय हे तिनं न सांगता ओळखलं. म्हणाली, "सदफले लिहितं का व? तिले सांग, भरीत खायले ये म्हना." तुझी आठवण या घरात अशी निघते, सहज. तिला काही सांगितलेलं नाही.

काल जळगावला गेले होते, तर पाय आपोआप तुमच्या दुकानाकडे वळले. रविवारच्या सुट्टीआधी शाळेचे गणवेश उरकत असावेत, खालची तिन्ही शिलाई मशीन चालू होती. मी रस्त्याच्या पलीकडून बघितलं आणि परत आले. आत गेले नाही. हारुनचाचांनी मशीनवरून न उठताच मला वर पाठवलं असतं आणि माळ्यावर तो आपला संगणक अजून असता तर मला तिथे उभं राहता आलं नसतं. किती दिवस काढले गं आपण तिथे! मी चित्रं काढायची, तू नियम लिहायचीस. खालून इस्त्रीची वाफ वर यायची आणि माझ्या कागदांना खडूची पूड लागायची. चौघांची टोळी होती आपली: ढालकरी, तिरंदाज, वैदू आणि ती कट्यारवाली, जिचं नाक मी सात वेळा बदललं. चौघांनाही खेळणाऱ्यानंच आळीपाळीनं चालवायचं, किल्ल्याखालच्या भुयारात उतरायचं आणि एकालाही न गमावता वर यायचं. मला तेव्हा खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू मला समजावलंस, की प्रत्येक घावाला संगणक मनातल्या मनात वीस बाजूंचा फासा टाकतो. बाकी काहीही पडलं तर साधा घाव, वीस पडला तर घाव दुप्पट. इंग्रजीत त्याला क्रिटिकल म्हणतात, असंही सांगितलंस, आणि लगेच म्हणालीस, "आपल्याकडे शब्द आहे की! वर्मी घाव." मला तो शब्द इतका आवडला की पडद्यावर उमटणाऱ्या त्या आकड्यासाठी मी दोन दिवस बसून पिवळा रंग तयार केला.

ललितदादा आठवतो त्या दिवशीचा? फैजपूरहून केळीची गाडी खाली करून आला होता, आंघोळसुद्धा न करता खेळायला बसला. लागोपाठ एकसष्ट घाव, त्यात एकही वर्मी नाही. माऊस आपटला त्यानं. "बठ्ठी दगाबाजी आहे ही," म्हणाला आणि उठून गेला. मी त्याचीच बहीण, मलाही वाटलं तुझ्या कोडमध्ये चूक आहे, आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं. तू वाद घातला नाहीस. दोन दिवस वही घेऊन बसलीस आणि चारशे घाव स्वतः मारलेस. एकोणीस वर्मी निघाले. म्हणजे विसात एक, जवळपास तंतोतंत. मी तुझी माफी मागायला लागले तर तू वही मिटून म्हणालीस, "नाही गं, ललितदादाचं बरोबर आहे. फासा खरा आहे, पण खेळणाऱ्याला तो खोटा वाटतो. मग चूक आपलीच." सदफ, आजवर मी पुष्कळ हुशार माणसांबरोबर काम केलंय. आपलं गणित बरोबर निघाल्यावर माघार घेणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

आणि मग तू तो नियम केलास. अर्ध्या टक्क्याहूनही कमी शक्यतेपासून सुरुवात करायची. घाव साधा गेला की तेवढीच भर घालायची, पुन्हा साधा गेला की पुन्हा भर. वर्मी बसला की परत पहिल्यापासून. सरासरी तीच राहते, विसात एक, पण एकसष्ट घाव कोरडे जाण्याची वेळच येत नाही. मला वाटलं, झालं काम. तुझं तिथे भागलं नाही. आठवडाभर तू वहीत आकडे मांडत होतीस, आणि एका दुपारी कात्री मागावी तितक्या सहज म्हणालीस, की ही भर प्रत्येकाची वेगळी कशाला? चौघांचा एकच साठा ठेवू. ढालकऱ्याचे दहा घाव वाया गेले तर ते वाया जायचेच नाहीत, मागून येणाऱ्या कट्यारवालीला त्यांचा उपयोग होईल. त्या एका बदलानं खेळ कुठल्या कुठे गेला. आता वैदूला उगाच काठी मारायला लावणं परवडेना, कारण त्याच्या काठीला वर्मी घाव लागला तरी दुप्पट होऊन होऊन किती होणार? साठा तेवढा खर्च व्हायचा. मग त्याला थांबवायचं, जखमा बांधायला लावायचं आणि साठा भरत आला की तिरंदाजाला पुढे करायचं. ललितदादा परत येऊन बसला तर उठेना. वर्मी घाव बसला तेव्हा खालच्या गिऱ्हाइकांनी मान वर करून बघितलं, एवढा ओरडला.

तुझ्या दादींचा नियम तर मी कुणाकुणाला सांगितला असेल! सुगराबी दादी जिन्यात बसून आपला खेळ बघत होत्या. आपली कट्यारवाली भुयारात पाऊल टाकते न टाकते तोच पहारेकऱ्याचा वर्मी घाव बसला आणि ती गेली. दादी कळवळल्या, "अगे, ये तो अभ्भी अंदर आई थी ना! इत्ते में मार डाला?" मी हसले. तू हसली नाहीस. संध्याकाळपर्यंत खेळात नियम आला होता, की धडधाकट माणूस एका घावात मरणार नाही, एक श्वास उरेलच, आणि त्या एका श्वासात सोबत्यांनी त्याला गाठायचं. शत्रूलाही वर्मी घाव मारता आला पाहिजे, नाहीतर भीती कसली, पण सावरायला वेळ मिळाला पाहिजे, असं तुझं म्हणणं. परीक्षकांनी पुढे याच नियमाला सगळ्यात जास्त दाद दिली.

परीक्षक म्हटलं की पुणं आलं. तिथल्या नव्या खेळांच्या प्रदर्शनाला दोन दिवस असताना दादींची उजवी बाजू गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू माझ्या हातात लॅपटॉपची पिशवी दिलीस. तुझे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा. "तू जा. दोघींनी इथे बसून दादी लवकर बऱ्या होणार आहेत का?" मी गेले. तिथे हेमांगी मॅडम आपल्या टेबलाशी आल्या. खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत त्या लढाईचा विभाग बघायच्या. पाच मिनिटांसाठी बसल्या आणि पाऊण तास उठल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मला नोकरीचं पत्र आलं. मी तुला सांगितलं की त्यांना चित्रं काढणारी मुलगी हवी होती. तू मला मिठी मारलीस. हारुनचाचांनी माप न घेता ऑफिससाठी दोन कुर्ते शिवून दिले, आणि ते मला अंगचे असावेत तसे बसले.

त्याला तीन वर्षं झाली. दादी भिंत धरून चालायला लागल्या, तू धुळ्याला शाळेत संगणक शिकवायला लागलीस, ही बातमी तुझ्याकडूनच मिळत गेली. मी मात्र थोडं थोडं कमीच कळवत गेले. दिवाळीत कंपनीचा मोठा खेळ बाजारात आला. त्यात टोळी सहा जणांची आहे, किल्ला नाही, अख्खं राज्य आहे, पण लढाईचा गाभा तोच आहे. लोक त्या वर्मी घावाबद्दल पानंच्या पानं लिहितात. एका खेळाडूनं लिहिलं, की ज्यानं कुणी हे केलंय त्याला चार माणसांत राहणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. ते वाचून मला जेवण गेलं नाही. आणि अकरा दिवसांपूर्वी तुझा निरोप आला: "खेळ पाहिला. वर्मी घाव छान बसतो. दादींचा नियम ठेवलास, तो त्यांना वाचून दाखवला." बस, एवढंच. तू एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीस, सदफ. विचारला असतास तर मी काहीतरी सारवासारव केली असती. तू न विचारल्यामुळे मला पळायला जागा उरली नाही.

आता कागद संपत आलाय, तेव्हा सांगते. पुण्याला त्या टेबलाशी मॅडमनी विचारलं होतं, "चौघांचा साठा एकच ठेवायचा, हे कुणाला सुचलं?" मी तुझं नाव घेणारच होते. पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं तोवर कुणी बघितलं नव्हतं. "तुला?" त्यांनी विचारलं, आणि मी मान हलवली. चित्रं काढणारी मुलगी त्यांना नको होती. त्यांना तू हवी होतीस. गेल्या मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. नव्या भागात टोळी फुटते, तिघं डोंगरात आणि तिघं शहरात जातात, मग त्या साठ्याचं काय करायचं, हे मला सोडवायला दिलं होतं. महिना झाला, मला जमत नव्हतं. मी म्हणाले, "मॅडम, मला हे येणार नाही, कारण पहिलंही माझं नव्हतं." आणि सगळं सांगितलं. तुझं नाव, माळा, चारशे घावांची वही, दवाखान्याच्या पायऱ्या. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांत हे सांगायला तुला एक दिवसही मिळाला नाही?" लढाईचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, ते योग्यच झालं. मी परत चित्रांच्या टेबलावर बसते आणि खरं सांगू, झोप लागते. खेळाच्या नावांच्या यादीत "लढाईचे नियम" याखाली तुझं नाव पुढच्या सुधारित आवृत्तीत येतंय, आधी नव्हतं ही चूक कंपनी जाहीर करणार आहे. मॅडम तुला येत्या शनिवारी दुपारी चारनंतर फोन करतील. काम देतो म्हणतील, धुळ्यात राहून करता येईल असंही म्हणतील. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. त्यांना हो म्हण किंवा नाही म्हण, ते तुझं तू ठरव. माझ्यासाठी नाही म्हणू नकोस आणि मला वाचवायला हो म्हणू नकोस. आणि तुला मला जे काही बोलायचं असेल ते सावकाश बोल. मी बुधवारपर्यंत असोद्यालाच आहे. जळगावहून मोटारसायकलीनं वीस मिनिटं; पण तुमच्या दुकानासमोरचा तो एवढासा रस्ता मला काल ओलांडता आला नाही. तू बोलावलंस तर मी धुळ्याला येईन आणि तुझ्या समोर बसून ऐकून घेईन.

तू म्हणशील तोवर, आणि नाही म्हणालीस तरी, तुझीच
रूपा