न धुतलेला फ्लास्क

२२ नोव्हेंबर, दुपार

चिकटे,

कशी आहेस? भावाच्या औषधाच्या दुकानात बसतेस, एवढं कानावर आलं. गिऱ्हाइकांशी तरी गोड बोलतेस ना? इथे सगळं जागच्या जागी आहे. सर अजून कपाळावर चष्मा ठेवून लॅबभर चष्मा शोधतात. तुझा बाक रिकामाच आहे. त्यावर कुणी काही ठेवलं की मी उचलून दुसरीकडे ठेवते.

आधीच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. राग असेल, नसेल. असो.

तू गेल्यावर, तू जिथे अडलीस ती पायरी माझ्या गळ्यात पडली. तो पदार्थ स्फटिक झाल्याशिवाय शुद्ध होत नाही आणि शुद्ध झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, हे तुला मी काय सांगणार? स्फटिकांऐवजी माझाही तुझ्यासारखा चिकट डिंकच झाला. दर वेळी. स्फटिक धरावेत म्हणून काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडून मनगट भरून आलं. सगळे मला 'चिकट नंबर दोन' म्हणायला लागले. मी हसायचे.

आता जे लिहिणार आहे ते आईलाही सांगितलेलं नाही. मंगळवारी मीही लॅब सोडून निघाले होते. अर्ज पिशवीत होता. आपल्या लॅबची रीत तुला माहीत आहे, जाणाऱ्याचे फ्लास्क शेजारच्याने रिकामे करून धुवायचे. तुझे मी धुतले नव्हते. सरांनी विचारलं की हो हो म्हणून वेळ मारून न्यायचे. पण मीच निघाल्यावर तुझ्या फ्लास्कना दुसऱ्या कुणी हात लावावा, हे मनाला पटेना. म्हणून फ्रीजच्या तळाशी ठेवलेले ते काढायला बसले.

एकावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डिंक, वाया'. तिरपा केला, तर आतलं हललं नाही. पुसून उजेडात धरला. तळाशी स्फटिकांच्या पांढऱ्या सुया होत्या, दाट.

मी तिथेच फरशीवर बसून रडले.

त्यातली टाचणीच्या टोकाएवढी कणी विरजणासारखी माझ्या डिंकात टाकली. जेवून आले तर फ्लास्कभर सुया. द्रवणांक नेमका, एनएमआर तपासणीही स्वच्छ, म्हणजे पदार्थ शुद्ध. तुझं काही चुकलं नव्हतं गं. त्याला फक्त वेळ हवा होता, आणि तो द्यायचं आपल्याला कुणाला सुचलं नाही.

सर खूश. शोधनिबंध लिहायला घे म्हणाले. मी म्हटलं, पहिलं नाव तिचं. सोडून गेलेल्यांचे आभार मानतात, नाव घालत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"मग मी तिला परत आणते," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, चक्क न शोधता.

"सत्र संपेपर्यंत जागा धरतो," ते म्हणाले. "त्यानंतर पुढची पायरी दुसऱ्याला देईन."

तर ऐक. अर्ज मी फाडला. तुझ्या सुया तुझ्याच फ्लास्कमध्ये आहेत, 'वाया' एवढं मात्र मी खोडलंय. सरांनी कितीही डोळे वटारले तरी पुढच्या पायरीला मी हात लावणार नाही, ती तुझी आहे. रागावून ये, भांडायला ये, पण ये. नाही आलीस तर दुकानात येऊन तुझ्या गल्ल्यासमोर ठाण मांडेन, आणि मी मांडलं की उठत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझे फ्लास्क कधीच न धुणारी,
शेजारच्या बाकावरची