अंगावर काही दिसत नाही

मंगळवार, १२ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

साष्टांग लिहायची हाताला सवय आहे, पण आता मी तुमच्या घरची सून नाही, तेव्हा साधाच गोड मानून घ्या. इथे दादाकडे बरं चाललंय. वहिनीने शिलाई मशीन माझ्या हवाली केलंय, शाळेचे गणवेश शिवते. तुमचे गुडघे कसे आहेत? दुकानात फार वेळ उभ्या राहू नका.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या भावाचं पुन्हा लग्न ठरतंय, मुलगी गरीब स्वभावाची आहे, आणि मी जुनं उगाळत बसू नये. बरं, नाही उगाळत. नवीन सांगते.

मी रक्त तपासून घेतलं.

आपल्या मुलाचा गणवेश न्यायला एक नर्सबाई आल्या होत्या. माझ्या बोटाला सुई लागली म्हणून त्यांनी हात हातात घेतला, आणि मी सहज बोलून गेले की याच तळहातांवर लग्नानंतर लाल डाग उठले होते. खाज नाही, दुखणं नाही, आपोआप गेले.

"तपासलं होतं का?"

"गेले की हो ते! मग काय तपासायचं?"

"अगं बाई, आपोआप गेले म्हणूनच तपासायचं."

मी सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या माणसाने कसली तपासणी ते मोठ्याने विचारलं, आणि रांगेतल्या सगळ्या बायका आपापल्या चपला बघायला लागल्या. रिपोर्टात सिफिलिस निघाला. जुनी माणसं गरमी म्हणतात तो. ते डाग बघून "उष्णता झालीय, पाणी पी" म्हणत तुम्ही मला मलम दिलं होतंत, आठवतं? डाग गेले, आपण खूश झालो. रोग रक्तात तसाच बसून होता.

आपलं औषधांचं दुकान ना! अख्ख्या गल्लीला "आधी डॉक्टरांना दाखवा" सांगणारे आपण, घरातल्या माणसाने मात्र फळीवर हात घातला की झालं. तुमच्या भावाला जखम झाली तेव्हाही तेच. पँटची चेन लागली म्हणाला. तुम्ही काउंटरवरून मलम आणि कॅप्सूल काढून दिल्यात. मी मागे खोकी फोडत होते, सगळं ऐकत होते. जखम भरली तशी त्याने कॅप्सूल बंद केल्या आणि उरलेल्या परत फळीवर ठेवल्या. आपल्याकडे वाया काही जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवस राहून मूल गेलंय का कधी? सातव्या महिन्यात, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. याच रोगाने गेलं असणार, म्हणाल्या. तेव्हा इंजेक्शन मिळालं असतं तर बहुतेक वाचलं असतं. आणि तुम्ही सगळे माझा पायगुण काढत बसला होतात. मीही मान खाली घालून ऐकून घेत होते, याचा राग मला तुमच्यावरच्या रागाहून जास्त येतो.

तुमच्या भावाला मी फोन केला. "माझ्या अंगावर एक डाग दाखव, मग बोल," असं म्हणून त्याने ठेवून दिला. तुम्हाला मात्र मी अवाक्षर कळवलं नव्हतं. तरी तुमच्या पत्रात शेवटी आहे, "तो अगदी ठणठणीत आहे हो." मी कुठे विचारलं होतं, वन्सं? म्हणजे त्याने तुम्हाला सांगितलंय. मलम दिलंत तेव्हा तुम्हाला काही माहीत नव्हतं, हे मी मानते. आता माहीत आहे, आणि तुम्ही मुलगी पसंत करताय.

आईमागे तुम्हीच त्याला वाढवलंत, तो तुमचंच ऐकतो. हाताला धरून दवाखान्यात न्या. रक्त तपासल्याशिवाय तो ठणठणीत आहे असं कोणीच म्हणू शकत नाही, तुम्हीसुद्धा. रोग निघाला तर इंजेक्शनं आहेत. मी घेतली. दुखतात, पण मरत नाही कोणी.

रविवारपर्यंत नेलं नाहीत, तर मी त्या मुलीच्या दारात जाऊन माझा रिपोर्ट तिच्या हातात देईन. लोक मलाच नावं ठेवतील. ठेवू देत, तुमच्या घरात सवय झालीय. पण तिचं मूल जावं आणि तुम्ही पुन्हा पायगुण काढावा, हे मी होऊ देणार नाही.

आणखी एक. त्या दिवशी बाळाला गुंडाळून तुम्हीच घेऊन गेलात. "बघू नकोस, त्रास होईल," म्हणालात, आणि मी ऐकलं. मुलगी होती, एवढंच आयाबाईने सांगितलं. तुम्ही तिला पाहिलंय. बाकी कशाचं उत्तर देऊ नका हवं तर, पण एवढं कळवा. तिला केस होते का?

तिची आई