मागून आणलेलं पीठ

न्यू ऑर्लिन्स,
मार्चचा पहिला आठवडा

प्रिय नुन्झी,

आधीच सांगते, मी ठणठणीत आहे, दुकानही ठणठणीत आहे. तेव्हा हे पत्र बाजूला ठेवायला तुला कुठलीच सबब नाही. कोपऱ्यावर अजून पहाटे पाव येतो आणि उजाडेपर्यंत शिजत्या मांसाचा वास चर्चच्या दारापर्यंत जातो. सँडविचचा रस्सा गिऱ्हाइकाच्या कोपरापर्यंत ओघळला नाही, तर पप्पा आपल्याला विचारायचे, "हे काय, आजाऱ्याचं जेवण आहे?" मी आजही तसाच ओघळवते. तेल, साबण, काड्यापेट्या त्याच फळ्यांवर आहेत. फक्त काउंटरचं तुझं टोक रिकामं आहे. माझ्यापुढे दोन माणसं असायची तेव्हा तुझी रांग रस्त्यावर गेलेली असायची, कारण तू प्रत्येकाला वरताळा म्हणून काकडीच्या लोणच्याची फोड आणि एक टोमणा द्यायचीस. मला तुझा हेवा वाटायचा. आता तीच रांग आठवून एकटीच हसते.

बातमी अशी की, यंदा एकोणीस तारखेला, संत जोसेफच्या सणाला, त्याचं मेज आपल्या दुकानात मांडून आल्यागेल्याला जेवू घालणार आहे. मी नवस बोलले होते, तो पावला. आणि नवसाचं मेज विकत घेऊन मांडायचं नाही, सगळं मागून आणायचं, हे तुला माहीतच आहे. फळीवर पिठाची पोती असताना मी वाडगा घेऊन दारोदार फिरतेय. समोरच्या मिस ओडेल म्हणाल्या, "लिओना, काल तुझ्याचकडून पीठ आणलं, आज तेच परत न्यायला आलीस? धंदा बरा काढलायस." पण वाडगा शीग लावून भरला. अल्सीड न्हाव्याने मासळी कबूल केली आणि वर विचारलं, "पण नवस कशाचा गं? तू तर देवालाही भाव सांगणारी बाई." मी पुढच्या दाराकडे वळले. पहिल्या दोन दारांशी मान खाली होती. आता ताठ मानेने मागते.

तुझा आजार निघाल्यापासून तू ह्यूस्टन सोडून इकडे फिरकली नाहीस. फोनवर म्हणालीस, "ताई, केस गेलेत, तोंड सुजलंय. काउंटरपलीकडून कोणी कीव केलेली मला खपायची नाही." तेव्हा मी तुझं ऐकलं. पण आता डॉक्टरांनी तू बरी झालीस म्हणून सांगितलंय, आणि तुझं आपलं अजून "बघू". कसली कीव घेऊन बसलीस? या गल्लीत? अल्सीड फार तर म्हणेल, "केस नाहीत म्हणजे माझं एक गिऱ्हाईक गेलं." आणि तू त्याला सोडणार आहेस थोडीच.

तुझं ऑपरेशन चाललं होतं त्या सकाळी मी मांस कापत होते. मध्येच सुरी खाली ठेवली आणि गिऱ्हाइकांसमोरच मनातल्या मनात संत जोसेफला म्हटलं, माझी बहीण मला परत दे, मी तुझं मेज मांडेन. नवस तुझा होता, नुन्झी. सगळी दारं फिरून झाली, तुझं तेवढं राहिलं, म्हणून हे पत्र. मी कधी कोणापुढे हात पसरला नाही, आज तुझ्यापुढे पसरते. एकोणीस तारखेला ये. डोक्याला रुमाल बांधून ये, नाहीतर तशीच ये. गल्लीकडून मी पीठ मागितलं, साखर मागितली. तुझ्याकडून मला तूच हवी आहेस.

वाट बघणारी,
तुझीच ताई,
लिओना