सक्तीचा रकाना

चि. भाचीस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझी मान आता वळते का? (तुझ्यासारखीची मान ताठच असावी हे खरं, तरी औषध घे.) आम्ही सगळे ठणठणीत आहोत, फक्त वाचनालय बंद आहे.

मुली, चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून 'बदल हवा' म्हणून गर्जतो आहे. पण बदल घडताना पहिल्यांदा पाहिला तो तू वाचनालयाला करून दिलेल्या वेबसाइटवर! आपल्या वाचनालयाच्या घटनेतला एक शब्द बदलायला तीन सभा आणि दोन राजीनामे लागतात. तू मात्र खुर्चीतून न उठता डेटाबेसचा साचाच बदललास, नवा रकाना घातलास, आणि तिकडे खिडकीवर ग्रंथपालबाई पुस्तकं देतच होत्या. सर्व्हर थांबला नाही, रांग थांबली नाही. वक्ता बोलत असताना त्याच्या तोंडात नवा दात उगवावा आणि वाक्य अडखळूही नये, तसं ते होतं. पुढचे दोन दिवस मी कोणाशीही वाद घातला नाही. (तुझ्या मामीने डॉक्टरांना फोन केला.)

मग, अध्यक्ष म्हणून तू मला दिलेला, बटण दाबून रकाने घालायचा अधिकार खुणावू लागला. लोक पुस्तक वाचतात आणि मत न देता परत करतात, हा आळस मला कधीच सोसला नाही. मंगळवारी मी रकाना घातला: 'पुस्तकाविषयी तुमचं मत, किमान शंभर शब्द.' सक्तीचा! बटण दाबलं आणि निमिषात झालं. अंगावर काटा आला.

त्यानंतर मत लिहिल्याशिवाय एकही पुस्तक परत घेता येईना. रांगेत पुढे निवृत्त पोस्टमन होते. "अध्यक्ष, हा शब्दकोश आहे हो! शंभर शब्द यातलेच लिहू का?" बाई उठल्या. "तीस वर्षांत मी कोणाला रिकामं परत पाठवलं नाही. आज तुमच्यामुळे पाठवलं." किल्ल्या टेबलावर ठेवून त्या गेल्या. रकाना पुसायला गेलो, तर सूचना आली: त्यात साठवलेलं एक मतही पुसलं जाईल. कोणाचं मत मी पुसणार? मी?

तुझा,
मामा

ता.क. आजच्या आज सक्ती तेवढी काढ, रकाना राहू दे. (सक्ती काढायचं बटण मला सापडत नाही, करायचं लगेच सापडलं होतं.) मग बाईंना तूच फोन कर. माझा त्या उचलत नाहीत.

ता.क. ते एकमेव मत माझ्या भाषणसंग्रहाविषयी आहे. 'पुरे' हा शब्द, शंभर वेळा. सभासद: तुझी मामी. तरी पुसू नकोस.

ता.क. माझं बटण काढू नकोस, चारचौघांत बरं दिसणार नाही. फक्त, दाबलं तरी काही होऊ नये, एवढं कर.