प्रदक्षिणेला वाट नसलेलं देऊळ

अण्णा,

जपानी लोकांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती ऐकून घेण्याइतकं शास्त्र जाणणारं माणूस आता महागावात उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. त्यांच्या देवळाला प्रदक्षिणेची वाट नसते. इतका स्वच्छ, वक्तशीर देश, आणि भक्तानं देवाच्या मागून कसं जायचं याचा विचारच केलेला नाही. तुमची सून आणि मी सवयीप्रमाणे देव उजव्या हाताला ठेवून निघालो, तर मागच्या बाजूला एक खराटा, दोन बादल्या आणि वाळत घातलेले पांढरे मोजे निघाले. पुजारी लगबगीनं आले आणि कमरेत वाकले. आम्हीही वाकलो. ते पुन्हा वाकले. असं वाकत वाकत त्यांनी आम्हाला परत समोर आणून सोडलं. "अर्धी झाली," तुमची सून म्हणाली, "बाकीची घरी गेल्यावर घालू."

तुमची नात तिकडे नोकरीला आहे. तिला सुटी नव्हती, म्हणून तिनं आम्हा दोघांनाच दोन दिवसांसाठी डोंगरातल्या एका गावी पाठवलं. तिथे शिंतो देऊळ आहे. शिंतो म्हणजे त्यांचा जुना धर्म. त्यात झाडातही देव असतो आणि डोंगरातही. आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या शेंदूर फासलेल्या दगडांना तिथे सहज नागरिकत्व मिळेल. पोरगी बरोबर आली नाही याचं मला बरंच वाटलं. दिवाळीपासून माझे शब्द हरवू लागले आहेत. अवघड नव्हे, रोजचे. वर्गात खडू हातात धरून उभा असतो आणि त्याला काय म्हणतात ते सुचत नाही. मग मी खोकतो. शाळेत सध्या माझ्या खोकल्याची काळजी चालू आहे. तुमचंही असंच सुरू झालं होतं. बाकी काही विसरेन, ते मात्र विसरता येत नाही.

देवळाच्या दाराशी पाण्याची दगडी कुंडी आहे. लाकडी पळीनं हात धुवायचे, चूळ भरायची आणि पाणी बाजूला टाकायचं. तुमच्या सुनेनं ते तीर्थ म्हणून प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पुढे गेलो तर दार बंद. "देव कुठी हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आत असेल, दाखवत नाहीत. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची. टाळी झाल्यावर मी डोळे मिटले आणि तुम्ही शिकवलेलं सकाळचं स्तोत्र सुरू केलं. ती कुजबुजली, "या देवाले संस्कृत येते काय? सरळ बोला नं."

मी तिसऱ्या ओळीवर अडलो.

तुमचा नियम आठवतो ना? अडलास तर पहिल्यापासून. मी चुलीपाशी मांडी घालून बसलेलो आहे, आई भाकरी थापते आहे, तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात, आणि मी अडखळलो की तुमचं एक बोट वर होतं. भाकरी तव्यावरून ताटात आली तरी ओळ आल्याशिवाय मला मिळत नसे. देवळात मी पहिल्यापासून म्हटलं. तिथंच अडलो. पुन्हा म्हटलं. मागे रांगेतली माणसं शांत उभी होती, कुणी घसासुद्धा खाकरला नाही. तेव्हा तुमच्या सुनेनं डोळे न उघडता पुढची ओळ म्हटली, आणि त्यापुढचीही. ही ढाणकी गावची लेक संस्कृतच्या वर्गात एक दिवस बसलेली नाही. इतकी वर्षं देवघराबाहेर भाजी निवडताना जे कानावर पडलं, तेवढंच. शेवटपर्यंत म्हणून झाल्यावर ती वाकली आणि चपला घालायला निघाली. तिथे चपला काढायच्याच नव्हत्या, पण आम्ही काढल्या होत्या.

पायऱ्यांखाली एक म्हातारी काडीला खोचलेलं सोयाबीनचं पनीर निखाऱ्यावर भाजते आणि वर गोडसर खारट लेप लावते. आपण सोयाबीन पोत्यात भरून बाजारात नेतो, तिकडे त्याचा प्रसाद होतो. तुमच्या सुनेनं पर्समधून जवसाची चटणी काढून त्यावर भुरभुरली आणि चिमूटभर म्हातारीच्या तळहातावर ठेवली. म्हातारी ठसकली, डोळे पुसले आणि हात पुन्हा पुढे केला. दोघी हसल्या. मग हातातली काडी संपवत ही मला म्हणाली, "दिवाळीपासून पाहून राह्यली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवून राह्यले होते. म्हटलं, लपवू द्या. तेवढं तरी जमून राह्यलं."

मी आणखी दोन काड्या घेतल्या. चव खरंच चांगली होती, अण्णा.

आता घरी येऊन आठवडा झाला. मंगळवारी यवतमाळला डॉक्टरांना दाखवायचं आहे, वेळ तुमच्या सुनेनंच घेतली. पोरीला काही सांगितलेलं नाही. मघाशी ही विचारून गेली, "कोणाले लिहून राह्यले?" मी म्हटलं, शाळेचं काम. कागद दप्तरात ठेवून देईन, कारण तुम्हाला पाठवायचं कुठे?

शेवटच्या वर्षी तुम्ही आईला फार अदबीनं विचारायचात, "बाई, आपण कुणाकडच्या?" आई म्हणायची, "इथलीच," आणि घास पुढे करायची. तुम्ही तो खायचात. तुम्हाला त्रास होत नव्हता, असं सगळे म्हणाले आणि मीही म्हटलं. आई मोरीत जाऊन तोंड धुवायची, ते मी पाहत होतो. आजाराची मला एवढी धास्ती नाही. ही मोरीत जाईल आणि मला ते कळणार नाही, याची मला भीती वाटते.